रस्ता-सायकलीसाठी कार्बन की अॅल्युमिनियम क्रँक : गोंदिया जिल्ह्याच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना :

दिनांक १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन गोंदिया जिल्हा अस्तित्वात आला. आठ तालुक्यांच्या या जिल्ह्यात सायकल हे आजही श्रमाचे वाहन आहे. धानाच्या बांधीवर जाणारा शेतकरी, राईस मिलमध्ये कामाला जाणारा मजूर आणि गावाहून तालुक्याच्या शाळेत येणारी विद्यार्थिनी यांची भिस्त जड पोलादी सायकलीवर राहिली आहे. गेल्या काही वर्षांत मात्र या सायकलीशेजारी दुसरी एक सायकल उभी राहू लागली आहे. बारीक टायर, वळलेली मूठ आणि हलका सांगाडा असलेल्या या सायकलीला इंग्रजीत ‘रोड बाइक’ म्हणतात. प्रस्तुत लेखात तिला ‘रस्ता-सायकल’ असे म्हटले आहे.

या प्रसारामागे विदर्भातील व महाराष्ट्रातील सायकलपटूंची कामगिरीही आहे. नाशिकचे डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ साली ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही शर्यत दोघांच्या संघगटात पूर्ण केली. २०१७ साली लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी सुमारे ४,८०० किलोमीटरची तीच शर्यत एकट्याने पार केली, तर डॉ. समर्थ यांनी २०१८ साली ट्रान्स-सायबेरियन ही त्याहूनही लांब शर्यत पूर्ण केली. अशा उदाहरणांमुळे लहान शहरांतील तरुणही दीर्घ पल्ल्याच्या सायकलिंगकडे वळला. सायकल घेतल्यानंतर काही महिन्यांतच त्याच्यापुढे सुटे भाग बदलण्याचा प्रश्न येतो आणि त्यात क्रँकचा प्रश्न हमखास असतो. काळा, चकचकीत कार्बन क्रँक घ्यावा की रुपेरी अॅल्युमिनियमचाच ठेवावा? वरवर हा हौसेचा प्रश्न वाटतो. परंतु त्यात बेताच्या मिळकतीतील पैसा आणि स्वाराची सुरक्षितता या दोन्ही बाबी गुंतलेल्या आहेत.

लेखाची उद्दिष्टे :

१. क्रँक या भागावर पडणाऱ्या भाराचे स्वरूप स्पष्ट करणे.
२. अॅल्युमिनियम व कार्बन या पदार्थांच्या गुणधर्मांची तुलना करणे.
३. वजनातील फरकाचा प्रत्यक्ष लाभ गणिताने तपासणे.
४. गोंदिया जिल्ह्यातील रस्ते, हवामान व दुरुस्तीची सोय लक्षात घेऊन निवडीचे निकष सुचविणे.

१. क्रँकचे कार्य व त्यावरील भार :

पायडल आणि सायकलीचा मधला आस यांना जोडणारा दांडा म्हणजे क्रँक होय. स्वाराच्या पायाचा जोर या दांड्यामार्फत चेनव्हीलपर्यंत व तेथून साखळीद्वारे मागच्या चाकापर्यंत पोहोचतो. क्रँकची लांबी सामान्यतः १६५ ते १७५ मिलिमीटर असते. ७५ किलो वजनाचा स्वार १७० मिलिमीटर लांबीच्या आडव्या क्रँकवर संपूर्ण भार देऊन उभा राहिला, तर आसाभोवती सुमारे १२५ न्यूटन-मीटर इतके परिबल निर्माण होते. जोराने वेग घेताना स्वार हातांनी मूठ वर ओढतो, त्यामुळे हा भार त्याच्या वजनापेक्षाही अधिक होतो.

येथे दोन गोष्टी विशेष लक्षात घ्याव्या लागतात. पहिली अशी की, पायडल क्रँकच्या बाजूला काही सेंटिमीटर बाहेर असते. त्यामुळे पायाचा जोर क्रँकला केवळ वाकवीत नाही, तर त्याला पीळही देतो. दुसरी गोष्ट भाराच्या पुनरावृत्तीची आहे. सरासरी एका फेऱ्यात सायकल पाच मीटर पुढे जाते असे धरल्यास, वर्षाला ५,००० किलोमीटर सायकल चालविणाऱ्याच्या क्रँकचे दहा लाख फेरे होतात. म्हणजेच प्रत्येक बाजूच्या क्रँकवर वर्षाकाठी दहा लाख वेळा भार येतो आणि उतरतो. एखादा क्रँक एका जोराच्या दाबाने मोडत नाही. बहुधा तो या लाखो लहान दाबांनी आतून थकत जातो. म्हणून क्रँकच्या निवडीत ‘किती मजबूत’ या प्रश्नाइतकाच ‘किती काळ मजबूत’ हा प्रश्नही महत्त्वाचा ठरतो.

२. पोलादाकडून अॅल्युमिनियमकडे :

आपल्याकडील पारंपरिक सायकलीचा क्रँक पोलादी असून तो कॉटर पिनेने आसावर बसविलेला असतो. गावच्या दुकानात हातोडीने ठोकून ही पिन बसविली व काढली जाते. हा क्रँक जड असला तरी त्याची दुरुस्ती कोठेही होते. पोलादाचा आणखी एक गुण असा की, भार एका विशिष्ट मर्यादेखाली राहिला तर ते जवळपास अमर्याद फेरे सहन करू शकते.

अॅल्युमिनियमची घनता पोलादाच्या जवळपास एकतृतीयांश, म्हणजे घन सेंटिमीटरला २.७ ग्रॅम आहे. शुद्ध स्वरूपात ते मऊ असते. परंतु १९०६ साली जर्मन धातुशास्त्रज्ञ आल्फ्रेड विल्म यांना आढळले की, तांबे व मॅग्नेशियम मिसळलेले अॅल्युमिनियम तापवून झटकन थंड केल्यास पुढील काही दिवसांत आपोआप कठीण होते. या शोधातून निर्माण झालेल्या मिश्रधातूंनी विमानउद्योग उभा राहिला व पुढे सायकलीलाही त्यांचा लाभ मिळाला. फ्रान्समधील स्ट्राँगलाइट कंपनीने १९३३ साली कॉटर पिनेशिवाय बसणारा अॅल्युमिनियमचा क्रँक आणला. इटलीतील कॅम्पाग्नोलोचा १९५८ सालचा ‘रेकॉर्ड’ क्रँक अनेक वर्षे शर्यतींचा आदर्श मानला गेला. मात्र त्याच्या जुन्या नमुन्यांत दांडा व स्पायडर यांच्या कोपऱ्यात चिरा पडतात, हेही जाणकारांना ठाऊक आहे.

या चिरांचे कारण धातूच्या शिणवट्यात आहे. पोलादाप्रमाणे अॅल्युमिनियमला शिणवट्याची निश्चित सुरक्षित मर्यादा नसते. भार कमी असला तरी फेरे पुरेसे वाढले की त्यात चीर निर्माण होऊ शकते. म्हणूनच अॅल्युमिनियमचा क्रँक ओतकामाऐवजी घडाईने तयार करतात व त्याचे कोपरे गोलाईदार ठेवतात. तीक्ष्ण कोपरा, खोल ओरखडा किंवा गंजाचा खड्डा यांतून चिरेची सुरुवात होते. या धातूच्या अभ्यासाचे एक महत्त्वाचे केंद्र विदर्भातच आहे. नागपूरजवळील वाडी येथील जवाहरलाल नेहरू अॅल्युमिनियम संशोधन, विकास व अभिकल्प केंद्र हे १९८९ साली स्थापन झाले असून या क्षेत्रात कार्यरत आहे.

३. कार्बनचे स्वरूप :

कार्बन क्रँक हा केवळ कार्बनचा नसतो. केसापेक्षाही बारीक कार्बन तंतू एपॉक्सी राळेत बसवून, त्यांचे थर साच्यात दाबून व तापवून तो तयार होतो. अशा पदार्थाला संमिश्र पदार्थ म्हणतात. हे तंत्र गोंदियाला अगदीच अपरिचित नाही. बिरसी विमानतळावरील वैमानिक प्रशिक्षण संस्थेत वापरण्यात आलेल्या डायमंड डीए-४० या विमानांचा सांगाडा तंतू व राळ यांच्या संमिश्र पदार्थाचाच असतो.

संमिश्र पदार्थाची घनता सुमारे १.६, म्हणजे अॅल्युमिनियमपेक्षाही कमी असते. सर्व तंतू एकाच दिशेने असतील तर त्या दिशेतील त्याचा स्थितिस्थापकता गुणांक १३० गिगापास्कलच्या पुढे जातो. अॅल्युमिनियमचा गुणांक सुमारे ७० गिगापास्कल आहे. जाहिरातीत ही तुलना प्रभावी दिसते. परंतु ती अपुरी आहे. तंतूंच्या आडव्या दिशेत याच पदार्थाचा गुणांक १० गिगापास्कलच्या आसपास उतरतो. क्रँकला वाक व पीळ दोन्ही सोसावे लागत असल्याने तंतू अनेक दिशांनी मांडावे लागतात. सर्व दिशांना समान मांडणी केली तर गुणांक ५० गिगापास्कलच्या आसपास येतो. घनतेने भागून पाहिल्यास अॅल्युमिनियमचे गुणोत्तर सुमारे २६ व अशा कार्बनचे सुमारे ३१ येते. प्रत्यक्ष क्रँकमध्ये तंतूंची मांडणी भारानुसार केलेली असल्याने कार्बनचा लाभ याहून काहीसा वाढतो. पण तो एकाच दिशेच्या आकड्यावरून वाटतो तेवढा राहत नाही.

कार्बनचा खरा गुण वेगळाच आहे. योग्य तऱ्हेने तयार केलेला संमिश्र पदार्थ तंतूंच्या दिशेतील पुनरावृत्त भार उत्तम सहन करतो. शिणवट्याच्या बाबतीत तो अॅल्युमिनियमपेक्षा सरस ठरतो. त्याचा मुख्य दोष आघात सोसण्यात आहे. दगडाचा जोराचा मार बसल्यास वरचा थर शाबूत दिसतो आणि आतील थर मात्र सुटतात. अॅल्युमिनियममधील चीर बाहेरून दिसण्याची शक्यता बरीच असते. कार्बनमधील इजा लपून राहू शकते.

४. जोडाचा प्रश्न :

क्रँकचे मूल्यमापन करताना केवळ पदार्थाकडे पाहणे पुरेसे नाही. कार्बनमध्ये आटे पाडून त्यात पायडल घट्ट बसविता येत नाही. त्यासाठी पायडलच्या छिद्रात व आसाच्या टोकाशी धातूचे तुकडे चिकटवावे लागतात. अॅल्युमिनियमच्या महागड्या क्रँकमध्येही वजन घटविण्यासाठी दोन भाग चिकटवून पोकळ दांडा तयार करण्याची पद्धत आहे. अशा ठिकाणी दांड्याइतकेच महत्त्व गोंदाच्या जोडाला येते.

सप्टेंबर २०२३ मध्ये जपानच्या शिमानो कंपनीने जाहीर केलेली तपासणी मोहीम या दृष्टीने बोलकी आहे. जुलै २०१९ पूर्वी तयार झालेल्या अल्टेग्रा व ड्युरा-एस श्रेणींतील काही ११ गतींच्या क्रँकचे चिकटवलेले भाग सुटण्याचा धोका असल्याचे तेव्हा सांगण्यात आले. अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाच्या निवेदनात भाग सुटल्याच्या ४,५१९ घटना व सहा जणांना दुखापत झाल्याची नोंद होती. हे सर्व क्रँक अॅल्युमिनियमचे होते आणि महाग होते. त्याच कंपनीची तुलनेने स्वस्त असलेली १०५ ही श्रेणी त्या यादीत नव्हती. ‘धातूचा म्हणून निर्धोक’ आणि ‘महाग म्हणून उत्तम’ ही दोन्ही गृहीतके या घटनेने डळमळीत केली. जुनी सायकल विकत घेणाऱ्याने क्रँकच्या आतील बाजूस कोरलेला उत्पादन-संकेत या यादीशी ताडून पाहणे अगत्याचे आहे.

५. वजनाचे गणित :

कार्बन क्रँकच्या बाजूने सर्वांत जास्त मांडला जाणारा मुद्दा वजनाचा असतो. शिमानोच्या सर्वोच्च ड्युरा-एस श्रेणीतील अॅल्युमिनियमचा संच ७०० ग्रॅमच्या आत-बाहेर भरतो. हलके कार्बन संच याहून १०० ते २०० ग्रॅमने कमी असतात. येथे १५० ग्रॅमचा फरक गृहीत धरू.

स्वार व सायकल मिळून ८० किलो वजन आणि २०० वॉट शक्ती गृहीत धरल्यास २०० मीटर उंची चढण्यास, हवेचा व रस्त्याचा विरोध सोडून, सुमारे १३ मिनिटे लागतील. १५० ग्रॅम वजन २०० मीटर वर नेण्यास २९४ जूल ऊर्जा लागते. म्हणजेच कार्बन क्रँकमुळे वाचणारा वेळ दीड सेकंद इतका आहे. गोंदिया जिल्ह्याचा मोठा भाग धानशेतीचा सपाट प्रदेश आहे. सालेकसा तालुक्यातील दरेकसाचा डोंगराळ पट्टा व देवरीकडील भाग वगळता लांब चढण क्वचितच लागते. सपाट रस्त्यावर स्थिर वेगाने जाताना हा लाभ नगण्य होतो, कारण तेथे मुख्य विरोध हवेचा असतो.

‘फिरणाऱ्या भागाचे वजन दुप्पट मोजावे’ असेही एक मत ऐकू येते. चाकाच्या कडेबाबत ते खरे आहे, कारण ती कडा सायकलीच्याच वेगाने फिरते. क्रँकबाबत मात्र ते लागू पडत नाही. मिनिटाला ९० फेरे घेणाऱ्या क्रँकच्या टोकाचा वेग सेकंदाला दीड मीटरच्या आसपास असतो, तर ताशी ३० किलोमीटर जाणाऱ्या सायकलीचा वेग सेकंदाला ८.३ मीटर असतो. फिरण्यामुळे येणारी ऊर्जा त्यामुळे अत्यल्प ठरते. तुलनेसाठी असे म्हणता येईल की, १५० ग्रॅम म्हणजे ७५० मिलिलिटरच्या बाटलीतील एक पंचमांश पाणी. मे महिन्याच्या उन्हात गोंदियाचा स्वार तेवढे पाणी कमी घेऊन निघण्याचा विचारही करणार नाही.

६. स्थानिक परिस्थितीचा विचार :

(अ) पाऊस व गंज : जिल्ह्यात पावसाळा भरपूर असतो व रोवणीच्या काळात रस्त्यावर चिखल येतो. कार्बन स्वतः गंजत नाही. परंतु कार्बन विद्युतवाहक असल्याने, त्याला थेट चिकटलेले अॅल्युमिनियम ओलावा व घामातील मीठ यांच्या सान्निध्यात लवकर गंजते. दर्जेदार उत्पादक दोहोंमध्ये काचतंतूचा थर ठेवून हे टाळतात. स्वस्त, निनावी कार्बन क्रँकमध्ये अशी काळजी घेतली आहे की नाही, हे बाहेरून कळण्यास मार्ग नसतो.

(आ) ऊन : उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो. काळा क्रँक उन्हात त्याहून बराच तापतो. तरीही क्रँकसाठी वापरली जाणारी चांगली राळ सामान्यतः १०० अंशांपुढेच मऊ पडू लागते. म्हणून ‘उन्हाने कार्बन वितळतो’ ही समजूत निराधार आहे.

(इ) रस्ता : गोरेगाव–कोहमारा मार्गासारखा डांबरी रस्ता व मुंबई–कोलकाता राष्ट्रीय महामार्ग सोडून गावाकडे वळले की मुरूम व गिट्टी लागते. चाकाखालून उडालेली गिट्टी क्रँकला लागण्याचा संभव असतो. सायकल एस.टी.च्या टपावर किंवा रेल्वेच्या डब्यात टाकून नेतानाही मार बसतो. बुटाच्या टाचेच्या घासण्यानेही कार्बनचा पृष्ठभाग झिजतो.

(ई) दुरुस्ती : कार्बन क्रँक घट्ट करताना ठरावीक परिबल दाखविणारा टॉर्क पाना आवश्यक असतो. अॅल्युमिनियमलाही तो हवाच. शिमानोच्या डाव्या क्रँकचे दोन बोल्ट १२ ते १४ न्यूटन-मीटरने आवळावेत असा निर्देश असतो. परंतु हाताच्या अंदाजाने झालेली लहान चूक धातू बऱ्याचदा सोसून नेतो, संमिश्र पदार्थ सोसत नाही. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, याचा विसर पडून कार्बन क्रँकमधील धातूचा तुकडा सैल झाला तर बहुधा संपूर्ण क्रँकच टाकावा लागतो.

७. निवडीचे निकष :

नित्याच्या व्यायामासाठी आणि शहर ते गाव अशा प्रवासासाठी घडाईचा अॅल्युमिनियम क्रँक सर्वार्थाने पुरेसा आहे. नागपूरसारख्या शहरांतून होणाऱ्या २०० किलोमीटरच्या दीर्घ पल्ल्याच्या राइडसाठी साडेतेरा तासांची मुदत असते. ही मुदत क्रँकच्या वजनाने हुकत नाही. ती पंक्चर, पाण्याची कमतरता, बसण्याची चुकीची ठेवण व अयोग्य गिअर यांमुळे हुकते. म्हणून तेच पैसे चांगले टायर, ब्रेकचे पॅड, रात्रीचे दिवे व शरीरयष्टीला योग्य अशा लांबीचा क्रँक यांवर खर्च करणे अधिक श्रेयस्कर होय. ठेंगण्या स्वाराला १७५ मिलिमीटरच्या कार्बन क्रँकपेक्षा १६५ मिलिमीटरचा अॅल्युमिनियम क्रँक गुडघ्यांच्या दृष्टीने सुखावह ठरतो.

राज्य वा राष्ट्रीय पातळीवरील स्पर्धकाची गोष्ट वेगळी आहे. डोंगराळ शर्यतीत सेकंदांना मोल असते आणि सायकलीचा प्रत्येक भाग तोलून निवडला जातो. अशा स्पर्धकाने नामांकित उत्पादकाचा, पावती व हमीसह मिळणारा नवा कार्बन क्रँक घेण्यास हरकत नाही. जुना कार्बन क्रँक मात्र त्याचा पूर्वेतिहास माहीत असल्याशिवाय घेऊ नये.

क्रँक कोणताही असो, महिन्यातून एकदा तो पुसून कोरडा करावा. अॅल्युमिनियममध्ये पायडलच्या छिद्राभोवती व स्पायडरच्या कोपऱ्यात केसासारखी रेघ दिसते का, हे बोटाच्या नखाने व भिंगाने तपासावे. कार्बनमध्ये नाण्याने हलके ठोकून पाहावे. एखाद्या ठिकाणी आवाज बद आला, तर आतील थर सुटल्याची शंका घ्यावी. चालविताना नवीन करकर ऐकू आली, तर ती पायडल, बीबी वा क्रँक यांपैकी कोठून येते याचा शोध लागेपर्यंत सायकल थांबवावी. मालमोटारींनी भरलेल्या महामार्गावर, उभे राहून जोर लावताना क्रँक तुटणे म्हणजे स्वाराने थेट रस्त्यावर कोसळणे होय.

निष्कर्ष :

१. क्रँकची सुरक्षितता केवळ पदार्थावर अवलंबून नसून घडण, जोड व निगा यांवर अवलंबून असते.
२. संमिश्र कार्बन शिणवट्यास व अॅल्युमिनियम आघातास तुलनेने अधिक समर्थ आहे.
३. वजनातील फरकाने २०० मीटरच्या चढणीवर सुमारे दीड सेकंद वाचतो. सपाट प्रदेशात हा लाभ जाणवण्याजोगा नाही.
४. गोंदिया जिल्ह्यातील पाऊस, मुरमाचे रस्ते व दुरुस्तीची मर्यादित साधने पाहता बहुसंख्य सायकलस्वारांसाठी घडाईचा अॅल्युमिनियम क्रँक हीच योग्य निवड ठरते.
५. कार्बन क्रँक हा गंभीर स्पर्धकाचा पर्याय असून टॉर्क पाना व नियमित तपासणी या त्याच्या अनिवार्य अटी आहेत.

सायकल हे मूलतः काटकसरीचे वाहन आहे. ज्या घरात एका हंगामाच्या धानावर वर्षाचा खर्च बेतलेला असतो, त्या घरातील तरुणाने कष्टाने साठविलेली रक्कम दीड सेकंदासाठी खर्च करावी की वर्षभराच्या सुरक्षित प्रवासासाठी, याचा निर्णय जाहिरातीवर न सोडता त्याने स्वतः गणित मांडून घेणे हिताचे आहे.